सशाच्या खुराकात झाडपाला : कोणता, किती आणि कोणाच्या कामाचा

गोंदिया शहर संपतं न संपतं तोच फुलचूर लागतं. एका अंगाला शहराची वाढती वस्ती, दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. हा राइस मिलांचा जिल्हा असल्यामुळे कोंडा आणि कणी हाताशी असते, धुऱ्यावर तूर असते, सांदवाडीत शेवगा उभा असतो आणि दक्षिणेकडे नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल पसरलेलं आहे. अशा मुलखात कोणी दहा-वीस ससे पाळायला घेतले आणि पेंडीचे भाव ऐकले की पहिला विचार सुचतो तो पाल्याचा. झाडं आपली, पाला फुकटचा. तो वाळवून, कुटून खुराकात का मिसळू नये?

गेली चाळीस-पन्नास वर्षं जगभरच्या पशुआहारतज्ज्ञांनी या प्रश्नावर काम केलं आहे. नायजेरिया, घाना, इंडोनेशिया, मेक्सिको, आपल्याकडे राजस्थानातल्या अविकानगरची केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था, आणि महाराष्ट्रात परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय अशा अनेक ठिकाणी सशांना पाला घालून पाहिला गेला. त्या सगळ्याचा गोषवारा सांगायचा तर उत्तर होकारार्थीच आहे, पण त्याला तीन अटी आहेत. पाला निवडून घ्यावा लागतो, तो खुराकाच्या दहा ते वीस टक्क्यांतच ठेवावा लागतो, आणि ‘फुकटचा’ या शब्दाचा हिशेब आधी करावा लागतो. गोंदियाच्या या झाडीपट्टीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट पुढे येते. सशाच्या कामाचा पाला जंगलात कमी आणि धुऱ्यावर, सांदवाडीत जास्त आहे.

सशाचं पोट

ससा पालाच खातो, पण गाय-बकरीसारखा नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात जंतूंचा कारखाना तोंडाजवळ असतो. अन्न आधी जंतूंच्या हाती पडतं, मग जनावराच्या. सशाचा कारखाना शेवटाकडे, अंधांत्रात आहे. तिथे मोठ्या आतड्याचं एक खास काम चालतं. जाड, चिवट तंतू वेगळा काढून तो कडक लेंड्यांच्या रूपाने लवकर बाहेर टाकला जातो, तर बारीक कण आणि पातळ भाग मागे अंधांत्रात ढकलला जातो. तिथे जंतू त्यावर वाढतात आणि दिवसातून ठरावीक वेळी त्याच्या मऊ, चिकट लेंड्या बाहेर येतात. ससा त्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. पाळणाऱ्याला हे बहुधा दिसतही नाही. या मऊ लेंड्यांतून त्याला जंतूंनी बनवलेली प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं परत मिळतात.

पाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पानातली प्रथिनं ससा चांगली वापरतो. चांगल्या चाऱ्यातल्या प्रथिनांचा पाऊण भाग त्याला पचतो. तंतू मात्र तो फारसा पचवत नाही, तरीही तंतूशिवाय त्याचं चालत नाही, कारण आतड्याची हालचाल तंतूच टिकवतो. तंतू कमी आणि पिठूळ पदार्थ जास्त झाले, की न पचलेला स्टार्च अंधांत्रात जाऊन आंबतो, घातक जंतू माजतात आणि पिल्लू हगवणीने एक-दोन दिवसांत जातं. आईपासून तोडल्यानंतरचे, म्हणजे वयाच्या पाचव्या आठवड्यापासूनचे दिवस यासाठी सर्वांत नाजूक. कणी स्वस्त म्हणून भरमसाट घालणाऱ्याचं नुकसान नेमकं इथे होतं.

गरज किती?

वाढत्या सशाच्या खुराकाची मापं बरीच स्थिर आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७७ मध्ये सांगितलेल्या प्रमाणानुसार किलोमागे २५०० किलोकॅलरी पचनीय ऊर्जा, १६ टक्के कच्ची प्रथिनं, १० ते १२ टक्के कच्चा तंतू, ०.४ टक्के कॅल्शियम आणि ०.२२ टक्के फॉस्फरस लागतो. फ्रान्समध्ये फ्रांस्वा लेबा यांनी तंतूचं प्रमाण वाढवून १४ टक्क्यांच्या आसपास नेलं. पिल्लांच्या मरीचा अनुभव पाहता लेबांचा आकडा सुरक्षित वाटतो.

या आकड्यांसमोर पाला ठेवला की एक गैरसमज दूर होतो. पाला म्हणजे तंतू असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शेवग्याच्या नुसत्या पानाच्या भुकटीत प्रथिनं २५ टक्के किंवा त्याहून जास्त असतात, पण कच्चा तंतू दहा टक्क्यांच्या आतबाहेरच. तंतू असतो देठात आणि काडीत. तेव्हा पानं ओरबाडून घेतलेली भुकटी पेंडीची जागा अंशतः घेऊ शकते. गवताची जागा घेऊ शकत नाही. कोवळ्या फांद्यांसकट वाळवलेला पाला हा वेगळाच माल होतो, त्यात प्रथिनं उतरतात आणि तंतू चढतो. जुन्या अभ्यासांची तुलना करताना गोंधळ होतो तो बऱ्याचदा इथेच.

झाडं एकेक करून

पहिला मान शेवग्याचा. प्रथिनं भरपूर, अमिनो आम्लांची घडण चांगली, टॅनिन नगण्य आणि कॅरोटीन मुबलक. घानातल्या कुमासी इथे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दूध तोडलेल्या सशांना २० टक्क्यांपर्यंत शेवग्याची भुकटी दिली. वाढीवर किंवा रक्ताच्या तपासण्यांवर वाईट परिणाम दिसला नाही. छाटणीला हे झाड पटकन फुटतं आणि सांदवाडीत वेगळी जागा मागत नाही. भाजीला पानं, आमटीला शेंगा आणि उरलेला पाला सशाला, असा त्याचा तिहेरी उपयोग आहे.

दुसरी तुती. आपल्यासाठी सर्वांत जवळचा अभ्यास तुतीवरच आहे. देशमुख, पाठक, टाकळीकर आणि डिग्रसकर यांनी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रौढ सशांना केवळ तुतीचा पाला देऊन पाहिला आणि १९९३ मध्ये ‘वर्ल्ड रॅबिट सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. तुतीतली प्रथिनं जवळजवळ तीन चतुर्थांश पचली आणि निव्वळ पाल्यावर प्रौढ सशांचा देहनिर्वाह झाला. निष्कर्षाची मर्यादा मात्र लक्षात ठेवली पाहिजे. देहनिर्वाह वेगळा आणि वाढ वेगळी. नायजेरियात बामिकोले आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वाढत्या सशांवर केलेल्या प्रयोगात तुतीने खुराकाची निम्म्यापर्यंत जागा घेतली तरी वजनवाढ समाधानकारक राहिली. इतकी मोठी सूट दुसऱ्या क्वचितच एखाद्या झाडाला मिळते. राज्याच्या रेशीम संचालनालयाचं मुख्यालय नागपुरात आहे आणि विदर्भात तुतीची लागवड होते. रेशीम अळ्यांपुढून उरलेला आणि वयाने जून झालेला पाला सशासाठी आयता आहे. फक्त त्यावर औषध फवारलेलं नसावं.

तिसरं सुबाभूळ. याची कथा महाराष्ट्राला परिचयाची आहे. उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने, मणिभाई देसाई यांच्या पुढाकाराने, या झाडाचा हिरिरीने प्रसार केला. फिलिपिन्स, थायलंड, मलावी या देशांतून तर सुबाभळीच्या पाल्याची भुकटी पशुखाद्य म्हणून परदेशी जात असे. प्रथिनं २२ ते २८ टक्के, पण सोबत मिमोसिन हे विषारी अमिनो आम्ल. त्याने केस गळतात. मेंढीची लोकर कात्रीविना उतरवता येईल का, हे ऑस्ट्रेलियात याच द्रव्याने तपासलं गेलं होतं. आतड्यातल्या जंतूंनी मिमोसिन फोडलं की तयार होणारं द्रव्य थायरॉइड ग्रंथीला बाधतं. रेमंड जोन्स यांनी हवाईतल्या बकऱ्यांच्या पोटात हे विष पचवणारा जंतू शोधला आणि ऑस्ट्रेलियातल्या गुरांचा प्रश्न सुटला, पण तो उपाय रवंथ करणाऱ्यांचा. ससा त्यात बसत नाही. कोवळ्या शेंड्यात मिमोसिन जास्त असतं. पाला पाण्यात भिजवून मग कडक उन्हात वाळवला की ते बरंच उतरतं. तरीही सुबाभूळ दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नये आणि गाभण मादीला देऊच नये. आणखी एक धडा आहे. १९८०च्या दशकात सुबाभळीवरची रस शोषणारी एक बारीक कीड पॅसिफिकमधून आशियाभर पसरली आणि एकाच झाडावर विसंबलेल्यांचा चारा एका हंगामात बसला.

गिरिपुष्प धानाच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी लावलं जातं. प्रथिनं वीस टक्क्यांच्या वर, पण ओल्या पाल्याच्या उग्र वासाने जनावरं सुरुवातीला तोंड फिरवतात. वाळवल्यावर वास उतरतो. त्यातलं कुमारीन बुरशी लागल्यावर रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यात बदलतं, म्हणून दमट हवेत अर्धवट वाळलेलं गिरिपुष्प साठवणं धोक्याचं. हादगा ससे आवडीने खातात, प्रथिनंही भरपूर, पण झाड अल्पायुषी आहे. कडुनिंबाच्या भुकटीवर नायजेरियात बरेच प्रयोग झाले. पाच टक्क्यांपर्यंत ती चालते. त्यापुढे कडवटपणाने खाणं घटतं आणि नर-मादीच्या जननक्षमतेबद्दल शंका उपस्थित झाल्या आहेत. पैदाशीच्या सशांपासून तो लांब ठेवलेला बरा.

आता जंगल. गोंदियाची ओळख तेंदूपत्त्याची. पण विडीसाठी ज्या चिवटपणामुळे तेंदूचं पान मोलाचं ठरतं, तोच सशाच्या पोटात अडचण होतो. तेंदू, ऐन, अर्जुन, मोह, बाभूळ यांच्या पानांत टॅनिनचं प्रमाण मोठं आहे. टॅनिन प्रथिनांना जखडून ठेवतं. प्रयोगशाळेच्या अहवालात बारा टक्के प्रथिनं दिसली तरी सशाला त्यातली थोडीच मिळतात. पळसाचं पान तर गुरंही नाइलाजाने खातात. ऐन आणि अर्जुन टसरच्या अळ्यांना शोभतात. त्यांची पचनसंस्था निराळी. बोरीचा पाला राजस्थानात मेंढ्या-बकऱ्यांचा आधार आहे, पण त्यातही टॅनिन असल्यामुळे सशाला तो चवीपुरताच. शिवाय वनहक्क, परवाने, वाहतूक ही कटकट वेगळी. कण्हेर, एरंड, रुई, धोतरा यांचं पान तर चुकूनही मिसळू नये.

प्रयोगांवर किती भिस्त ठेवावी?

या विषयावरचे शोधनिबंध एकापाठोपाठ एक वाचले की साचा लक्षात येतो. चार किंवा पाच गट, प्रत्येक गटात मोजके ससे, आठ आठवड्यांचा काळ, आणि शेवटी ‘इतक्या टक्क्यांपर्यंत सुरक्षित’ हा निष्कर्ष. अशा लहान गटात एक-दोन पिल्लं मेली तरी तो आहाराचा दोष की योगायोग, हे ठरत नाही. मूळ खुराकच कमकुवत असेल तर त्यात कुठलाही चांगला पाला घातला की वाढ सुधारलेली दिसते. मूळ खुराक उत्तम असेल तर तोच पाला वाढ घटवतो. समशीतोष्ण देशांत मांसासाठीचे ससे दिवसाला ३५-४० ग्रॅम वाढतात, उष्ण प्रदेशातल्या अनेक प्रयोगांत ही वाढ वीस ग्रॅमच्या आसपासच अडकलेली दिसते. ज्या गटाशी तुलना करायची तोच हळू वाढत असेल, तर ‘काही फरक पडला नाही’ या वाक्याला फारसं वजन राहत नाही. म्हणून वेगवेगळ्या देशांतून पुन्हा पुन्हा आलेला निष्कर्षच घ्यावा: शेवगा आणि तुती विश्वासाची, सुबाभूळ आणि गिरिपुष्प सांभाळून, बाकीची चिमूटभर.

कोंडा आणि पाला

गोंदियाच्या परिस्थितीत एक जोडी मात्र फार चांगली जमते. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, सुमारे दीड टक्का, आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. पाल्याचं नेमकं उलट. कॅल्शियम दोन टक्क्यांच्या आसपास आणि फॉस्फरस थोडा. कोंड्यातला फॉस्फरस ज्या रूपात बांधलेला असतो तो कोंबडीला नीट सुटत नाही, पण सशाच्या अंधांत्रातले जंतू तो मोकळा करतात. पाल्यातलं जास्तीचं कॅल्शियम ससा लघवीवाटे टाकतो. पिंजऱ्याखाली दिसणारे पांढरट डाग त्याचेच, तो आजार नव्हे.

एक नमुना मांडून पाहू. शंभर किलो खुराकात कोंडा ३०, कणी १५, सोयाबीन पेंड १०, तूर चुनी १५, शेवग्याची भुकटी १५, बारीक केलेलं वाळलं गवत १२ आणि खनिज मिश्रण व मीठ मिळून ३ किलो. कोंड्यात साडेबारा, चुनीत अठरा, पाल्यात पंचवीस आणि सोयाबीन पेंडीत पंचेचाळीस टक्के प्रथिनं धरली तर एकूण प्रथिनं साडेसोळा टक्क्यांच्या जवळ आणि तंतू बारा टक्क्यांच्या थोडा वर जातो. लेबांच्या मापाला तो किंचित कमी पडतो, म्हणून पिंजऱ्यात गवताची पेंढी वेगळी टांगायची. गवताऐवजी धानाची तणस वापरण्याचा मोह होईल, पण तिच्यात सिलिका फार. ती अंथरायला ठीक. कोंडाही भुशाची भेसळ नसलेला आणि ताजा हवा, कारण त्यातलं तेल लवकर खवट होतं. तेल काढलेला कोंडा टिकतो, पण ऊर्जेत कमी पडतो.

वाळवणं आणि हंगाम

पाला ओला देता येत असताना तो वाळवायचा कशाला, ही शंका रास्त आहे. ओल्या पाल्यात सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणी असतं. किलोभर वजनाच्या वाढत्या सशाला दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास कोरडं अन्न लागतं; ते निव्वळ ओल्या पाल्यातून भागवायचं तर पाव किलो पाला पोटात जायला हवा, आणि तेवढं करूनही ऊर्जा अपुरीच. तरीही ज्याच्या दारात बारमाही शेवगा-तुती आहे, त्याने मूठभर कोमेजू दिलेला ओला पाला आणि सोबत खुराक ही सोपी वाटच धरावी. भुकटीची खरी गरज साठवणीसाठी आहे.

साठवणीचा हंगाम झाडीपट्टीत अडचणीत सापडतो. पावसाळ्यात पाला भरपूर, पण वाळवायला ऊन नाही आणि बुरशीची भीती मोठी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऊन खडखडीत पडतं, पण तेव्हा धानाची कापणी आणि चुरणी. हात मोकळे नसतात. हिवाळ्यात शेवगा पानं गाळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी येते, तो दुसरा मोका. पाला सावलीत किंवा विरळ उन्हात, पातळ पसरून, चुरगाळल्यावर कुरकुरेल इतका वाळवावा. ओल दहा-बारा टक्क्यांच्या वर राहिली तर पोत्यात बुरशी धरते.

मग कुटून झालेल्या भुकटीचं काय? सशाला पीठ आवडत नाही. ते नाकात जातं, शिंका येतात आणि निम्मं सांडतं. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या गोळ्या पाडणारं यंत्र गावात एखाद्या गटाकडे असेल तर उत्तम. नसेल तर पाण्याचा हात लावून भरड खुराक द्यावा आणि उरलेला त्याच दिवशी फेकावा.

उन्हाळ्याचं वेगळं. सशाला पंधरा ते पंचवीस अंश तापमान मानवतं. गोंदियात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. ससा खाणंच कमी करतो, तेव्हा पोट भरणारा पण ऊर्जा कमी देणारा पाला वाढवून उपयोग नाही. या दिवसांत पाल्याचं प्रमाण दहा टक्क्यांवर आणावं आणि खुराक सूर्य मावळल्यावर द्यावा.

फुकटच्या पाल्याचा हिशेब

वीस पिल्लं, प्रत्येकी दिवसाला ८० ग्रॅम खुराक, आठ आठवडे. एकूण सुमारे ९० किलो खुराक झाला. त्यात १५ टक्के पाला म्हणजे साडेतेरा किलो भुकटी, आणि तेवढ्यासाठी साधारण पन्नास किलो ओला पाला. त्या भुकटीतली प्रथिनं साडेतीन किलोच्या आत भरतात. तेवढी प्रथिनं साडेसात किलो सोयाबीन पेंडीत मिळतात. म्हणजे पन्नास किलो पाला तोडून, पसरून, उलटून, कुटून वाचते ती साडेसात किलो पेंडीची किंमत.

बहुतेक शोधनिबंध हा आकडा मांडत नाहीत. ‘खाद्यखर्च घटला’ एवढं सांगून थांबतात, कारण त्यात पाल्याची किंमत शून्य आणि मजुरी गैरहजर असते. रोजंदारी देऊन पाला वाळवणाऱ्या मोठ्या फार्मला हे परवडणं अवघड. परवडतं ते ज्याच्याकडे पाला दुसऱ्या कामातून उरतो त्याला: शेंगांसाठी शेवग्याची छाटणी करणाऱ्याला, तुतीवर रेशीम घेणाऱ्याला, घरच्यांच्या फावल्या वेळात दहा-वीस ससे सांभाळणाऱ्या कुटुंबाला. पेंडीचे भाव चढले की हिशेब पाल्याकडे झुकतो, उतरले की पेंडीकडे.

शिवाय खुराकात वाचवलेले पैसे विक्रीत गेले तर काय कमावलं? सशाच्या मटणाला विदर्भात ठराविक बाजारपेठ नाही. पिल्लं चढ्या भावाने विकून ‘आम्हीच परत घेऊ’ म्हणणाऱ्यांपासून जपून राहावं, आणि गिऱ्हाईक ठरल्याशिवाय संख्या वाढवू नये. रानातला ससा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. पाळीव जातींचा, सोव्हिएत चिंचिला किंवा न्यूझीलंड व्हाइटचा, व्यवहार त्यापासून स्पष्ट वेगळा राहील अशी खरेदीची कागदपत्रं हवीत.

इथून पुढे उपयोगाचं संशोधन करायचं तर नवं झाड शोधण्याची गरज नाही. शेवगा आणि तुती यांच्यापुढचं काम कोंड्यासोबत, गोंदियाच्या हवेत, उन्हाळा धरून पूर्ण वर्षभर तपासण्याचं आहे. त्यात मजुरीचा तास न् तास लिहिला जावा आणि मेलेल्या पिल्लांची नोंद वजनवाढीइतक्याच ठळकपणे व्हावी. नागपूरचं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि तालुक्यातले पशुपालक गट मिळून ते करू शकतात. तोवर फुलचूरच्या पशुपालकाने दोनच गोष्टी कराव्यात: सांदवाडीत शेवग्याची दोन-चार झाडं छाटणीत ठेवावीत, आणि पाला १५ टक्क्यांच्या पुढे नेण्याआधी पेंडीचा भाव विचारून यावा.